एकाच कॅनमधला अल्क, दोन वेगळी उत्तरं

हे प्रकरण एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतलं आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. प्रात्यक्षिकांची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे यात घेतलेले बरेचसे निर्णय माझे आहेत, चुकलेलेही.

पार्श्वभूमी

प्रथम वर्षाचं नेहमीचं अनुमापन, म्हणजे माहीत संहतीचं द्रावण मोजून सोडत दुसऱ्या द्रावणाची संहती काढणं. ॲसिटिक आम्लाचं अज्ञात संहतीचं द्रावण विद्यार्थ्यांना द्यायचं. त्यांनी त्यातलं २५ मिली पिपेटने शंकूपात्रात घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जायचं. द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं आणि आकडेमोड करून आम्लाची संहती सांगायची. ४८ विद्यार्थी होते, बारा-बारांच्या चार बॅच. उत्तर खऱ्या संहतीच्या २ टक्क्यांच्या आत आलं तर पूर्ण गुण.

दर्शक फिनॉल्फ्थॅलिनच का, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ॲसिटिक आम्ल सौम्य आहे, त्याचा पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ४.७६. अल्काने, म्हणजे इथे सोडियम हायड्रॉक्साइडने, ते पूर्ण उदासीन झालं की पात्रात सोडियम ॲसिटेट उरतं आणि ॲसिटेट आयन स्वतः एक सौम्य आम्लारी आहे. म्हणून त्या क्षणी द्रावणाचा सामू (पीएच) ७ नसतो, या संहतींना तो ८.७ च्या आसपास असतो. ‘उदासिनीकरण झालं म्हणजे सामू ७’ हे शाळेतून डोक्यात बसलेलं समीकरण इथे मोडतं. फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.३ ते १० या पट्ट्यात रंग बदलतं, म्हणून ते इथे जुळतं. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक ३.१ ते ४.४ मध्येच बदलून मोकळा होतो. तेव्हा ॲसिटिक आम्लाचा तिसरा हिस्साही संपलेला नसतो.

सोडियम हायड्रॉक्साइडचं १० लिटर द्रावण आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी आधीच करून ठेवलं होतं, ०.१ मोलारच्या (लिटरमागे ०.१ मोल) जवळपास. हा पदार्थ हवेतली ओल ओढतो, त्यामुळे वजन करून त्याची नेमकी संहती सांगता येत नाही. १० लिटरला ४० ग्रॅम हा हिशोब झाला, प्रत्यक्षात ४४ ग्रॅम गोळ्या घेतल्या होत्या. नंतर ०.१००० मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाशी अनुमापन करून द्रावण प्रमाणित केलं होतं, म्हणजे त्याची नेमकी संहती ठरवली होती, आणि कॅनवर चिठ्ठी लावली होती: ०.१०१० मोलार. कोणता दर्शक वापरला, ते चिठ्ठीवर नव्हतं.

अज्ञात आम्ल मी स्वतः केलं होतं. २४.०२ ग्रॅम ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ लिटरमध्ये, म्हणजे ०.०८०० मोलार.

अडचण

पहिल्या बॅचची सरासरी आली ०.०८३८. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅचची ०.०८४१. खऱ्यापेक्षा जवळजवळ ५ टक्के जास्त. २४ पैकी एकाचंही उत्तर ०.०८०० च्या खाली नव्हतं.

पहिल्या दिवशी मी ठरवून टाकलं की मुलांचा अंत्यबिंदू (रंग बदलला की थांबायची जागा) पुढे जातोय. नवशिक्या हातांकडून हे होतंच. गडद गुलाबी होईपर्यंत सोडतच राहतात, रीडिंग जास्त येतं. मी जर्नलमध्ये गुण कापले आणि बॅचला सांगितलं, ‘शेवटी थेंब-थेंब सोडा.’

दुसऱ्या बॅचमध्ये एक विद्यार्थिनी पात्र घेऊन माझ्या टेबलाशी आली.

‘मॅडम, रंग टिकतच नाहीये. थेंब टाकला की येतो, हलवलं की जातो. पुन्हा टाकला की पुन्हा तेच.’

‘तीस सेकंद टिकला की रीडिंग घे,’ मी म्हणाले.

‘तीस सेकंद टिकतो. पण मिनिटाभराने परत पांढरं होतं.’

‘हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होतं ते. दुर्लक्ष कर.’

उत्तर अगदी खोटं नव्हतं. पात्र उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून गुलाबी रंग हळूहळू जातोच. पण तिने जर्नलमध्ये निरीक्षण म्हणून ‘अंत्यबिंदूजवळ रंग वारंवार नाहीसा होतो’ असं लिहिलं होतं आणि मी ते ‘अनावश्यक’ म्हणून खोडलं. संध्याकाळी बाकीची जर्नल्स तपासताना आणखी दोघांनी तेच वाक्य वेगळ्या शब्दांत लिहिलेलं दिसलं. तिथे मी पेन खाली ठेवलं.

मग जो हिशोब पहिल्याच दिवशी करायला हवा होता तो केला. ०.०८०० मोलार आम्लाच्या २५ मिलीला ०.१०१० मोलार अल्क १९.८० मिली लागायला हवा. मुलांची रीडिंग २०.५ ते २०.९ मिलीच्या दरम्यान. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. म्हणजे चोवीस जण, सगळे एकाच बाजूला, चौदा ते बावीस थेंब पुढे गेले असं मी मानत होते. हाताच्या चुका अशा एका ओळीत उभ्या राहत नाहीत. कोणाचं रीडिंग वर जातं, कोणाचं खाली. इथे सगळ्यांच्या उत्तरांना एकच काहीतरी ढकलत होतं.

चुकीच्या दिशेने गेलेला एक दिवस

मला पहिला संशय आला माझ्याच आम्लावर. ५ लिटर करताना वजनात चूक झाली असेल, म्हणून ४.८० ग्रॅम ॲसिटिक आम्लाचं नवं १ लिटर द्रावण केलं आणि त्याच कॅनमधल्या अल्काने अनुमापन केलं. उत्तर पुन्हा ०.०८४ च्या आसपास. पिपेटमधून सोडलेल्या पाण्याचं वजन करून पाहिलं, पिपेट ठीक होतं. ब्युरेट बदलली, फरक नाही.

एक संपूर्ण दिवस यात गेला. जी पट्टी सदोष असण्याची शक्यता होती, तीच हातात धरून मी दुसऱ्यांदा मोजत होते. आम्ल दहा वेळा नवं केलं असतं तरी दहा वेळा तेच उत्तर आलं असतं. दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध मोजताना उत्तर चुकलं, तर आधी ज्या गोष्टीची संहती वजनावरून थेट ठरलेली नाही तिच्याकडे वळायला हवं. इथे ती गोष्ट अल्क होती.

सहायकांना विचारलं, ‘हा अल्क प्रमाणित करताना दर्शक कोणता घेतला होता?’

‘मिथिल ऑरेंज, मॅडम. हायड्रोक्लोरिक आम्ल आधी सोडियम कार्बोनेटवर प्रमाणित केलं ना, तोच दर्शक टेबलावर होता. तसंच पुढे केलं.’

त्यात त्यांची चूक नव्हती. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्या अनुमापनात सामू एका थेंबात इतका झपाट्याने बदलतो की मिथिल ऑरेंज घ्या किंवा फिनॉल्फ्थॅलिन, उत्तर एकच येतं. पुस्तकात असंच असतं आणि आमच्या लेखी कार्यपद्धतीतही ‘योग्य दर्शक वापरावा’ एवढंच होतं. ते वाक्य माझं होतं.

जाता जाता ते आणखी एक बोलले: ‘गोळ्यांची बरणी जुनीच आहे. वरच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी आली होती, तेवढी झटकून घेतल्या.’

नेमकं काय घडत होतं

पाणीदार, चकचकीत गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते ती सोडियम कार्बोनेटची. सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा एक भाग घेतात, त्यातून सोडियम कार्बोनेट आणि पाणी तयार होतं. भुकटी झटकली की गोळी तशीच दिसते, तशीच विरघळते, द्रावण लाल लिटमस तसाच निळा करतं.

इथे शब्दांशी थोडं थांबावं लागतं. आम्लाला उदासीन करतो तो आम्लारी, आणि त्यातला पाण्यात चांगला विरघळणारा तो अल्क. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, पण तो पाण्यात विरघळत नाही म्हणून अल्क नाही. सोडियम हायड्रॉक्साइड दोन्ही आहे. मग सोडियम कार्बोनेट? पाठ्यपुस्तक त्याला क्षार म्हणतं. बरोबरच आहे, कार्बोनिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून तो होतो. पण त्याच मराठीत ‘क्षार’ हा शब्द जुन्या वैद्यकात वनस्पतींच्या राखेतून काढलेल्या दाहक द्रव्यासाठी आहे, म्हणजे जवळजवळ अल्कासाठीच. अरबीतल्या ज्या शब्दावरून ‘अल्कली’ आला त्याचाही संबंध राखेशीच आहे. मुलं क्षार म्हटलं की ‘उदासीन’ असं गृहीत धरतात. ही गल्लत मी दर वर्षी पाहते आणि या प्रकरणात तिने मलाही गाठलं. हायड्रॉक्साइड कार्बोनेटमध्ये ‘खराब’ झालं तर मिथिल ऑरेंजच्या अनुमापनात ते कमी भरेल, असं मला मनातून वाटत होतं. ते कमी भरत नाही.

१८८४ मध्ये अऱ्हेनियसने मांडलेल्या कल्पनेप्रमाणे आम्लारी म्हणजे पाण्यात हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ. कार्बोनेटच्या सूत्रात हायड्रॉक्साइड नाही, म्हणून या व्याख्येत ते अवघडून बसतं. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी वेगवेगळी मांडलेली व्याख्या इथे कामाला येते: प्रोटॉन स्वीकारणारा तो आम्लारी. कार्बोनेट आयन दोन प्रोटॉन स्वीकारू शकतो, मात्र एका दमात नाही. पहिला घेऊन तो बायकार्बोनेट होतो. ही पायरी सामू ८.३ च्या सुमारास पूर्ण होते. दुसरा घेऊन कार्बोनिक आम्ल, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड होतो. ही पायरी सामू ४ च्या जवळ संपते.

आता दोन दर्शक शेजारी ठेवा. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूने दोन हायड्रॉक्साइड आयन खाल्ले आणि एक कार्बोनेट दिला. मिथिल ऑरेंज रंग बदलेपर्यंत तो कार्बोनेट दोन प्रोटॉन घेतो, हिशोब चुकता होतो आणि अल्क पूर्वीइतकाच भरतो. फिनॉल्फ्थॅलिन मात्र पहिल्याच पायरीवर थांबतं, कार्बोनेटने तोवर एकच प्रोटॉन घेतलेला असतो. म्हणजे दर कार्बोनेटमागे एक भाग अल्क गायब. आमच्या प्रमाणीकरणाने मिथिल ऑरेंजचा प्रश्न विचारला होता आणि मुलांच्या अनुमापनाने फिनॉल्फ्थॅलिनचा. दोघांनाही खरी उत्तरं मिळत होती. ती एकाच सूत्रात घातली, तिथे चूक झाली.

आणि तो पळून जाणारा गुलाबी रंग? अल्कासोबत आलेला कार्बोनेट आम्लात पडला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो पात्रातच विरघळून राहतो. प्रोटॉनची बाकीची देवाणघेवाण क्षणार्धात होते, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अल्काशी सावकाश, काही सेकंद घेत, अभिक्रिया करतो. अंत्यबिंदूला थेंब पडतो, रंग येतो, मग मागे राहिलेला कार्बन डायऑक्साइड तो अल्क हळूच संपवतो. रंग जातो. विद्यार्थिनीने पाहिलं होतं ते हे, आणि संपूर्ण प्रकरणातला सर्वांत स्पष्ट पुरावा तोच होता.

स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाचा गाभाही याच्या फार जवळचा आहे. त्याआधी असं मानत की चुनखडी भाजली की आगीतलं काहीतरी तिच्यात शिरतं आणि म्हणून ती दाहक होते. ब्लॅकने वजनं करून दाखवलं की उलट तिच्यातून काहीतरी निघून जातं, ज्याला तो ‘स्थिर हवा’ म्हणाला. ती परत मिळाली की दाहक अल्क पुन्हा सौम्य होतो. त्याची स्थिर हवा म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड.

पडताळणी

तर्क पटला तरी मोजल्याशिवाय तो तर्कच. कॅनमधल्या अल्काचे २५ मिलीचे भाग घेतले आणि ०.१००० मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाने तीन प्रकारे अनुमापन केलं.

मिथिल ऑरेंज: २५.२५ मिली.
फिनॉल्फ्थॅलिन: २४.०० मिली.
आधी बेरियम क्लोराइड घालून, मग फिनॉल्फ्थॅलिन: २२.७५ मिली.

तिसऱ्या प्रकारात बेरियम क्लोराइड घातल्याबरोबर द्रावण दुधाळ झालं. कार्बोनेट बेरियम कार्बोनेट होऊन अवक्षेपात गेलं आणि द्रावणात उरलं फक्त हायड्रॉक्साइड. विरघळणारे बेरियम क्षार विषारी असतात, म्हणून ही पात्रं वेगळी ठेवून त्यात सोडियम सल्फेट घातलं आणि मगच विल्हेवाट लावली.

दोन्ही टप्प्यांतला फरक १.२५ मिलीच आला. २५ मिली अल्कामागे ०.१२५ मिलिमोल कार्बोनेट, म्हणजे ०.००५० मोलार. मुक्त हायड्रॉक्साइड ०.०९१०. एकूण अल्कता ०.१०१०. आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या नजरेतून या अल्काची कामाची संहती ०.०९६०. हा आकडा घेऊन ०.०८०० मोलार आम्लाला २०.८३ मिली अल्क लागतो. मुलांची रीडिंग २०.५ ते २०.९ होती.

मग प्रश्न उरला की कार्बोनेट आलं कुठून. कॅनचं झाकण सैल होतं, त्यामुळे सगळ्यांचा रोख झाकणावर. मी कागदावर मांडून पाहिलं. १० लिटरमध्ये ०.००५० मोलार म्हणजे एकूण ०.०५ मोल कार्बन डायऑक्साइड, २.२ ग्रॅम. हवेत तो दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. एवढा वायू हवेतून यायचा तर जवळजवळ ३००० लिटर हवेतला सगळा कार्बन डायऑक्साइड द्रावणाने शोषायला हवा. दिवसातून चार वेळा झाकण उघडून ते होत नाही. द्रावण करताना वापरलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याचंही तसंच. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला ०.००००१४ मोलच्या आसपास, ०.१ मोलार अल्कापुढे नगण्य.

उलट ४४ ग्रॅम गोळ्यांत ५.३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट असलं की हिशोब तंतोतंत बसतो. म्हणजे बरणीतल्या मालाचा बारा टक्के भाग आधीच कार्बोनेट झालेला होता. जुन्या बरणीतल्या आणि नव्या सीलबंद बरणीतल्या गोळ्यांची सारखीच द्रावणं करून दोन्हींत बेरियम क्लोराइड घातलं. जुन्याचं दाट पांढरं झालं, नव्याचं जेमतेम धुरकट. झाकण निर्दोष सुटलं, बरणी दोषी सापडली.

समोर असलेले पर्याय

तिसरी बॅच दोन दिवसांवर होती.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गुणांची मर्यादा २ वरून ६ टक्के करणे. कोणाला काही सांगावं लागलं नसतं. हा पर्याय एका सहकाऱ्याने खरंच सुचवला, वेळ वाचावा म्हणून. मला तो मान्य नव्हता. मुलांनी नीट मोजलेल्या गोष्टीला आपण ‘चूक, पण माफ’ म्हणणार होतो.

दुसरा मार्ग अंत्यबिंदूच्या जरा आधी प्रत्येक पात्र उकळायचा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग रीडिंग १९.८० च्या जवळ येतं. रसायनाच्या दृष्टीने तो ठीक आहे, पण ॲसिटिक आम्ल बाष्पनशील आहे. कोणी लवकर उकळलं तर आम्लच उडून जाईल, आणि बारा जणांनी बारा वेगवेगळ्या क्षणी उकळलं असतं.

तिसरा मार्ग तोच अल्क वापरत राहायचं, मात्र प्रमाणीकरण फिनॉल्फ्थॅलिनने करायचं. म्हणजे ज्या दर्शकाने वापरायचं त्याच दर्शकाने मोजायचं, चूक दोन्हीकडे सारखी येते आणि कटते. उणीव एवढीच की रंग पळत राहणार आणि निकालांत थोडा विस्कळीतपणा राहणार. जो जोरात हलवेल त्याच्या पात्रातून थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर जाईल, त्याला अल्क कमी लागेल.

चौथा मार्ग कार्बोनेटमुक्त अल्क नव्याने करायचा. हा खरा उपाय, पण दोन दिवसांत होणारा नव्हता.

आणि झालेल्या दोन बॅचचं काय? त्यांना पुन्हा प्रात्यक्षिक द्यायला वेळापत्रकात जागा नव्हती. त्यांच्या रीडिंगांवरून नव्या संहतीने उत्तर पुन्हा काढता येत होतं. यावर एका सहकारी मॅडमनी रास्त हरकत घेतली: ‘खरं उत्तर माहीत झाल्यावर आकडे दुरुस्त करणं म्हणजे उत्तराकडे आकडे ओढणं नाही का?’ या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ठरलं की दुरुस्तीचा आकडा ॲसिटिक आम्लाशी काहीही संबंध नसलेल्या प्रयोगातून यायला हवा, आणि मुलांची रीडिंग उघडण्याआधी तो नोंदवहीत सहीसह लिहिला गेला पाहिजे.

काय केलं

त्याच संध्याकाळी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट घेतलं. हा घन पदार्थ ओल धरत नाही, शुद्ध मिळतो आणि वजनावर भरवसा ठेवता येतो. ०.५१०५ ग्रॅमला, म्हणजे २.५०० मिलिमोलला, फिनॉल्फ्थॅलिन वापरून २६.०४ मिली अल्क लागला. संहती ०.०९६०. आकडा नोंदवहीत लिहून दोघींनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन बॅचना बोलावून जे झालं ते सगळं सांगितलं आणि त्यांची रीडिंग त्यांच्याच हाती देऊन उत्तर पुन्हा काढायला लावलं. सरासरी ०.०७९७ आणि ०.०७९९ झाली, चोवीसच्या चोवीस २ टक्क्यांच्या आत. कापलेले गुण परत दिले. खोडलेल्या वाक्याशेजारी मी ‘निरीक्षण बरोबर’ लिहून सही केली. त्या विद्यार्थिनीने विचारलं, ‘मग मॅडम, हा अल्क नेमका किती मोलार?’ एका आकड्यात उत्तर देता येत नव्हतं, हेच त्या दिवशी फळ्यावर शिकवलं.

तिसऱ्या बॅचला जुनाच अल्क दिला, ०.०९६० ही संहती सांगून. दरम्यान नवा अल्क करायला घेतला. सोडियम कार्बोनेट दाट सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये जवळपास विरघळत नाही, याचा फायदा घ्यायचा. गोळ्या आणि पाणी समान वजनाने घेऊन ५० टक्क्यांचं द्रावण केलं, ते साधारण १९ मोलार होतं. काम गंभीर आहे. पाण्यात गोळ्या थोड्या थोड्या टाकायच्या, उलट नाही, आणि भांडं थंड पाण्यात ठेवायचं, कारण द्रावण भाजेल इतकं तापतं. डोळ्यांवर गॉगल हवाच. हे द्रावण डोळ्यात उडालं तर आम्लाने उदासीन करायला जायचं नाही, लगेच वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. सहायकांनी द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलं. काचेला दाट अल्क हळूहळू खातो आणि काचेचं बूच घट्ट बसून राहतं.

चार दिवसांत कार्बोनेट तळाशी बसलं. वरचं नितळ द्रावण न हलवता पिपेटने काढलं, ५३ मिली, आणि उकळून गार केलेल्या पाण्यात १० लिटर केलं. पिपेटला तोंड लावायचं नाही, रबरी फुगाच. पाणी उकळल्याने या संहतीला फारसा फरक पडत नाही हे वरच्या हिशोबात दिसलंच होतं, पण ०.००१ मोलार द्रावणांना पडतो, म्हणून सवय मोडली नाही. कॅनच्या बुचात सोडा लाइमची नळी बसवली, आत जाणारी हवा तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून जाते.

निष्पत्ती

तिसऱ्या बॅचची उत्तरं ०.०७९० ते ०.०८०४, सरासरी ०.०७९८. विस्कळीतपणा अपेक्षेप्रमाणे खालच्या बाजूला जास्त होता. चौथ्या बॅचला नवा अल्क मिळाला: ०.०७९७ ते ०.०८०४, सरासरी ०.०८००. गुलाबी रंग एका थेंबात आला आणि राहिला.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या बॅचनंतरच थांबले असते. बारा उत्तरं एकाच बाजूला सरकलेली दिसली की हाताला दोष देण्याआधी थेंबांचा हिशोब करायचा, त्याला दोन मिनिटं लागतात. तो केला असता तर दुसऱ्या बॅचचे बारा जण वाचले असते.

अज्ञात आम्ल पुन्हा करण्यात घालवलेला दिवस मला अजून खुपतो. त्याऐवजी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचं एक अनुमापन केलं असतं तर अर्ध्या तासात दोष अल्काकडे गेला असता.

तिसऱ्या बॅचला जुना अल्क देण्याचा निर्णय मात्र मी आजही घेईन. काही सहकाऱ्यांच्या मते ते प्रात्यक्षिक पुढे ढकलायला हवं होतं. पण त्या बॅचला आम्ही पळणारा रंग आणि दोन दर्शकांची दोन रीडिंग मुद्दाम दाखवली, आणि कार्बोनेटची दुसरी पायरी त्यांच्याइतकी चांगली कोणत्याच बॅचला समजली नाही.

कार्यपद्धतीतलं ‘योग्य दर्शक’ काढून आता दर्शकाचं नाव लिहिलं आहे. गोळ्यांच्या बरणीवर उघडल्याची तारीख असते. कॅनवरच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात, मिथिल ऑरेंजने एकूण अल्कता आणि फिनॉल्फ्थॅलिनने कामाची संहती. दर सोमवारी सहायक दोन्ही अनुमापनं करून फरक लिहितात. नव्या कॅनचा फरक पहिल्या आठवड्यात ०.०५ मिली होता. तीन आठवड्यांनी ०.१० झाला. ०.२० च्या वर गेला की तो कॅन अनुमापनाला वापरायचा नाही, असं ठरलं आहे.